हंगामातलं अक्षर

पुणे, ६ ऑगस्ट २०२४

नाना,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. पत्र छापून पाठवतेय म्हणून आधीच कान पकडते. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही आणि माझं हस्ताक्षर तुम्हाला बघवत नाही, म्हणून हा मधला मार्ग काढला.

आमच्या स्टुडिओत मराठीसाठी नवे फॉन्ट तयार होतात हे तुम्हाला माहीत आहे. यंदा मला पहिल्यांदाच स्वतःचा एक करायला मिळाला. ब्रशनं काढल्यासारखी, खोडकर, नाचरी अक्षरं. पुस्तकाच्या मजकुरासाठी नाहीत ती. दुकानाची पाटी, पोस्टर, मिठाईचा खोका, पत्रिकेवरचं नवरानवरीचं नाव, अशा मोठ्या अक्षरांसाठी. मे महिन्यात कोल्हापूरला आले होते तेव्हा मी नमुने शोधत जुन्या पाट्यांचे फोटो काढत फिरत होते. पेठेतलं सायकलचं दुकान, मुरगूडची पिठाची गिरणी, कबनूरचा एक चहावाला. एकापेक्षा एक अक्षरं! आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक सही: हंबीर आर्ट्स, शिवाजी पेठ.

नाना, मी त्या गिरणीसमोर उभी राहून हसत सुटले. जगभर शोधत होते आणि सापडलं घरात. फॉन्ट आता जवळजवळ तयार आहे, नमुन्याचा कागद सोबत जोडला आहे. माझी एकच विनंती आहे. त्याला 'हंबीर' हे नाव देऊ का? जानेवारीत पुण्यात तो बाहेर येईल तेव्हा तुमचा सत्कार करायचं सगळ्यांच्या मनात आहे.

तुमची,
अनुजा


कोल्हापूर, १६ ऑगस्ट २०२४

अनुजा,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी राग काढून घेतो.

चुलत्याला छापील पत्र? पाकीट फोडलं तेव्हा घरफाळ्याची नोटीस आली असं वाटलं. हातानं लिहीत जा. तुझं अक्षर वाईट आहे, तुझ्या बापाचंही वाईटच आहे, पण वाईट अक्षर निदान माणसाचं असतं.

नमुन्याचा कागद बघितला. चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. याला तुम्ही अक्षर म्हणता? क च्या पोटात वारा धरलाय. र मागं वळून बघतोय, कुत्रं लागल्यासारखा. शेजारशेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एका उंचीवर नाहीत, भाऊबंदकी पडल्यागत प्रत्येकाची वेगळी. आणि हे करायला पुण्यात कॉलेज लागतं, डिग्री लागते, एसी लागतो! अगं, बालवाडीत फुकट झालं असतं.

अक्षर ताठ उभं राहिलं पाहिजे. माझं अक्षर बघायचं असेल तर तालमीच्या दारावरची पाटी बघ. तीस वर्षं झाली, एक रेघ इकडची तिकडं नाही. ती सोडून तुला सापडली काय, तर पिठाची गिरणी! तसली कामं दुकानातून शेकड्यानं गेली. पोटापाण्याची कामं. त्याला काय कुणी कला म्हणतं?

तुमचं हे नाचरं प्रकरण कुणाच्या हातात पडणार तेही सांगतो. आमच्या कोपऱ्यावर यशराजचं फ्लेक्सचं दुकान आहे. ज्याला स्वतःची सही धड करता येत नाही तो आख्ख्या पेठेची नावं छापतो. वाढदिवस एकाचा आणि फ्लेक्सवर तोंडं चाळीस. मयताचा फ्लेक्सही तोच, फुलं तीच, फक्त फोटो बदलतो. त्याच्या हातात तू हे कोलीत देणार. उद्या माझ्या मरणाचा फ्लेक्ससुद्धा या उड्या मारणाऱ्या अक्षरात निघेल.

माझं नाव देऊ नको. स्पष्ट सांगतो.

तुझी काकू तुझा कागद घेऊन खिडकीपाशी बसली होती बराच वेळ. तिला काय कळतंय त्यातलं. म्हणाली, 'बरं केलंय पोरीनं.' रंग कालवायचा आणि डबे धुवायचे, एवढीच तिची चित्रकला.

असो. आशीर्वाद.

नाना


पुणे, २५ ऑगस्ट २०२४

नाना,

हातानं लिहितेय. दोन कागद फाडून हा तिसरा.

तुमच्या शिव्या स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवल्या. लोक खूश झाले. पण तुम्ही स्वतःला फार कमी लेखता, आणि ते मी सिद्ध करून दाखवणार आहे.

तालमीची पाटी मी बघितली आहे. ती भारदस्त आहे, मान्य. पण ती काढणारा हंबीर वेगळा आणि गिरणीची पाटी काढणारा हंबीर वेगळा, असं मला सारखं वाटायचं. मग मी सगळे फोटो समोर पसरले. तुम्ही प्रत्येक पाटीवर सहीखाली महिना आणि वर्ष टाकता ना? (बाबा म्हणाले, रंग उडाल्याची तक्रार घेऊन कुणी दोन वर्षांनी भांडायला येऊ नये म्हणून.) त्या तारखा बघत गेले आणि उडालेच. ताठ अक्षराच्या पाट्या जून ते नोव्हेंबरमधल्या. नाचऱ्या अक्षराच्या सगळ्या डिसेंबर ते मे. एकही अपवाद नाही.

डिसेंबर ते मे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. फुटबॉल! नाना, हंगाम सुरू झाला की तुमचं अक्षर नाचायला लागतं! मॅच बघून आलेला, आनंदात असलेला माणूस त्या अक्षरांत मला दिसतो. वर्षभर तुम्ही पेंटर असता आणि हंगामात पोर होता. मी हे आमच्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेत लिहिणार आहे. सगळ्यांना हा किस्सा भयंकर आवडला.

आता तरी नाव देऊ द्या.

अनुजा


कोल्हापूर, २० सप्टेंबर २०२४

अनुजा,

गणपतीच्या धामधुमीत पत्र राहिलं. म्हणजे धामधूम पोरांची. मी घरात कानात कापूस घालून बसलो होतो. मिरवणुकीत मूर्ती कुठली आणि स्पीकरची भिंत कुठली, तेच कळत नव्हतं.

तुझं ते तारखांचं वाचलं. पुण्याची पोरगी असून बरी नजर आहे. आता तू ओळखलंच आहेस तर कशाला नाही म्हणू? हंगामात माझा हात सैल सुटायचा. आपल्या तालमीच्या संघानं समोरच्या पेठेला धूळ चारली की माणूस खुशीत असतो, आणि ती खुशी ब्रशात उतरते. कलावंताचं असंच असतं. अक्षर म्हणून ते टुकारच आहे, माझं मत बदललेलं नाही. पण त्याला माझं नाव दे.

का ते ऐक. पलीकडच्या पेठेतला गुंडू पेंटर तुला माहीत असेल. ज्यानं जन्मभर ट्रकच्या मागं फुलं काढली तो. त्याला परवा कुठल्याशा मंडळानं 'कलामहर्षी' म्हणून सन्मानचिन्ह दिलं. महर्षी! त्याच्या हाताची मोरांची पिसं बघून मोर आत्महत्या करतील. तो आता चौकात सांगत फिरतोय, जुन्या कोल्हापूरच्या गमतीदार पाट्या म्हणजे सगळ्या त्याची शैली, बाकीच्यांनी नक्कल केली म्हणे. त्याचं तोंड एकदा बंद होऊ दे.

तालमीतही बातमी पोचली आहे. अध्यक्ष राजवीर म्हणाला, 'नाना, तुमच्या नावाचा फॉन्ट म्हंजे पेठेची इज्जत हाय की ओ. सत्कार करायचाच.' मी म्हटलं, करा. लोकांचा एवढा आग्रह असल्यावर माणसानं अडून बसू नये.

तुझ्या काकूला पत्र वाचून दाखवलं. ती हंगामाच्या किश्श्याला जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून भाकरी थापायला गेली आणि त्या दिवशी मला करपलेली भाकरी वाढली. बायकांचं काय सांगावं.

नाना


पुणे, ३० सप्टेंबर २०२४

नाना,

पत्र वाचून मी खुर्चीवरून उडीच मारली. फॉन्टचं नाव 'हंबीर', नक्की. तालमीच्या सत्कारासाठी यशराजला फॉन्टची चाचणीची प्रत पाठवली आहे. तो म्हणाला, फ्लेक्स त्यातच करतो. तुम्ही त्याच्यावर कितीही चिडलात तरी तो तुमचा भक्त आहे.

जानेवारीच्या कार्यक्रमाचा बेत सांगते. मंचावर एक मोठी कोरी फळी असेल. सत्कार झाला की तुम्ही ब्रश घ्यायचा आणि सगळ्यांसमोर एक शब्द लिहायचा. तुम्हाला आवडेल तो शब्द, पण हंगामातल्या अक्षरात. शेजारी पडद्यावर तोच शब्द फॉन्टमध्ये उमटेल. हात आणि यंत्र शेजारी शेजारी! स्टुडिओचे प्रमुख म्हणाले, सबंध कार्यक्रमाचा प्राण हाच आहे. काकूंनाही आणा.

अनुजा


कोल्हापूर, ८ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

दिवाळीचे आशीर्वाद उशिरानं घे.

मंचावर लिहायचं काही जमणार नाही. मी काय डोंबारी आहे, माणसं जमवून खेळ करायला? ज्यांना ब्रश आणि झाडू यांतला फरक कळत नाही ती माणसं खुर्च्यांत बसून समोसे खाणार आणि मी फळीपुढं उड्या मारणार. मी शाल घेईन, नारळ घेईन, चार शब्द बोलेन. फळी रद्द कर.

शिवाय माझा गुडघा दुखतो. शिवाय जानेवारीत आपली मोठ्या संघाशी मॅच आहे. शिवाय पुण्याच्या हवेत माझा रंग वाळत नाही.

गेला आठवडा मी दुकानात बसून होतो. सहज हात चालवत होतो. जुन्या फळ्या, जुना रंग. असलं वाकडं अक्षर मुद्दाम काढायला गेलं की येत नाही, हे तुम्हा शिकलेल्या लोकांना काय समजणार. ताठ माणसाला वाकायला सांगितलं की मणका दुखतो. तुझी काकू दारात उभी राहून बघत होती. नुसती बघत होती आणि शेंगा सोलत होती. असली बाई.

फळी रद्द केल्याचं लगेच कळव.

नाना


कोल्हापूर, ११ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

हे पत्र मी ह्यांना न सांगता टाकतेय. मुरगुडात सातवीपर्यंत शिकले, पुढं लिहायची सवय राहिली ती फक्त फळीवर, तेव्हा कागदावर काही चुकलं तर सांभाळून घे.

तू फोटो काढलेल्या नाचऱ्या पाट्या मी काढलेल्या आहेत. सगळ्या.

डिसेंबर लागला की हे मैदानावर असायचे. सकाळी पोरांचा सराव बघायचा, दुपारी मॅच, संध्याकाळी कोपऱ्यावर उभं राहून त्याच मॅचची चर्चा. इकडं दुकानात गिऱ्हाईक ताटकळत. कुणाचा उद्या मुहूर्त, कुणाचं परवा उद्घाटन, आणि पाटी कोरी. पहिल्या वर्षी कासाराची म्हातारी येऊन दारातच बसली. म्हणाली, 'झुंबर, तू काढ की गं. रंग तूच कालवतीस, ब्रश तूच धुतीस. हात मोडलाय व्हय तुजा?' मी काढली. बांगड्यांच्या दुकानाची पाटी होती. नंतर थांबले नाही.

तुला ती अक्षरं वरखाली का दिसतात तेही सांगते. पाटी लिहायच्या आधी चुन्यात भिजवलेली दोरी फळीवर ताणून रेघ मारतात. त्याला दोन माणसं लागतात, दोन टोकांना. ह्यांचं काम असलं की एक टोक ह्यांच्या हातात असायचं आणि दुसरं माझ्या. माझं काम असलं की दुसरं टोक धरायला कुणीच नसायचं. खिळा ठोकावा तर गिऱ्हाइकाची फळी खराब. मग मी रेघेशिवायच लिहायचे. तू त्याला नाच म्हणतेस. म्हण.

हे संध्याकाळी यायचे, पाटी बघून नाक मुरडायचे. 'बायकी झालंय' म्हणायचे. आणि कोपऱ्यात स्वतःची सही मारून खाली महिना घालायचे. पुढं पुढं गिऱ्हाइकंच ह्यांना म्हणायला लागली, 'नाना, ते तुमचं हंगामातलं अक्षर पायजे.' हे मिशीवर हात फिरवून सांगायचे, 'मग जानेवारीत या.'

मी कधी भांडले नाही. पाट्या उन्हात उडतात, गंजतात, दुकानं बदलतात, तसा तो विषय संपला असता. आता तू ती अक्षरं जगभर पाठवणार, ती कधी उडायची नाहीत, आणि सही ह्यांचीच. शिवाय वर ह्यांच्या खुशीचा किस्सा. त्या दिवशी मी हसले ते त्या किश्श्याला हसले. मग चुलीपुढं बसले आणि एवढा संताप आला की भाकरी करपली.

ह्यांचे हाल आता बघवत नाहीत, आणि बघायला मजाही येते. दिवसभर फळीपुढं बसून वाकडं काढायला बघतात. एक अक्षर साधत नाही. मग फळीलाच शिव्या देतात.

मला शाल नको, पुण्याला यायची हौस नाही. तुमच्या फॉन्टला नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मला त्यात काही गोडी नाही. ह्यांनी दहा माणसांत एकदा तोंडानं म्हणावं की हे माझ्या बायकोचं अक्षर आहे. तेवढंच मला पाहिजे. ते झाल्याशिवाय मी मरणार नाही, असं ह्यांना सांगू नको, घाबरतील.

तुझी काकू


पुणे, १९ नोव्हेंबर २०२४

नाना,

मला काकूंचं पत्र आलं आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही, पण त्यात काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

मला माझीच लाज वाटते. मी तारखा बघितल्या, अक्षरं बघितली, मैदान बघितलं, आणि तुम्ही मैदानावर असताना दुकानात कोण होतं हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. पुस्तिकेतला किस्सा काढून टाकला आहे. फॉन्टचं नावही काढलं आहे. तिथे सध्या काही नाही.

आठ डिसेंबरला तालमीत तुमचा सत्कार आहे, असं यशराजनं कळवलं. काकूंनी दहा माणसं मागितली आहेत. तिथे त्याहून जास्त असतील.

अनुजा


कोल्हापूर, २६ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

बायका बायका एक झालात. छान.

दुकान माझं. फळी माझी. रंग माझा, ब्रश माझे, गिऱ्हाईक माझ्या नावावर येणारं. मग तिचं राहिलं काय? हाताला काम नव्हतं म्हणून तिनं चार पाट्या रंगवल्या, तेवढ्यावर तुम्ही मला चोर ठरवता? आणि ते अक्षर टुकार आहे हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तेव्हा कुणाचं म्हणून लिहिलं नव्हतं, अक्षर बघून लिहिलं होतं. असल्या टुकार अक्षरापायी मी भरल्या पेठेत, गुंडूच्या देखत, मान खाली घालू?

सत्कार होणार. मी जाणार. तू तुझं कॉम्प्युटर बघ.

नाना


कोल्हापूर, ९ डिसेंबर २०२४

अनुजा,

ह्यांचं पत्र तुला येणार नाही. हे कालपासून कॉटवर पडून आहेत, ताप नाही, नुसते पडून आहेत. म्हणून मी लिहितेय.

कालचा सत्कार झाला. तालमीच्या अंगणात मांडव घातला होता. यशराजनं अर्धी भिंत भरून फ्लेक्स लावला होता, ह्यांचा फोटो, गॉगल घातलेला, कुठून काढला देवाला माहीत. फोटोखाली 'पेठेचा अभिमान, हंबीर नाना'. ते तुझ्या फॉन्टमध्ये. मी बायकांच्यात मागं बसले होते. माझ्या हातचा 'अ' मी तेवढा मोठा पहिल्यांदा बघितला. चांगला होता गं. मी इतकी वर्षं ह्यांचं ऐकून त्याला बायकी समजत होते. रडू आलं मला, सगळ्यांच्या मधी.

गुंडू पेंटर पुढच्या रांगेत होता. त्याला मुद्दाम बोलावलं होतं, जिरवायला. राजवीरचं भाषण झालं. ह्यांच्या खांद्यावर शाल पडणार एवढ्यात गुंडू उठला. खिशातनं ब्रश काढला, पायाशी ठेवलेला रंगाचा डबा उघडला आणि म्हणाला, 'नाना, शाल घ्या की, घ्या. पर त्येच्या आदी ह्या भित्तीवर तेवढं एक अक्षर हुंदे. हंगाम सुरू झालाय न्हवं?' फ्लेक्सखालची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली, पांढरी फेक. पोरं ओरडायला लागली, 'नाना! नाना!'

हे भिंतीकडं बघत उभे. महिनाभर फळीपुढं काय झालं ते ह्यांना माहीत होतं. मग माईक हातात घेतला आणि म्हणाले, 'हे अक्षर माजं न्हाय. झुंबरचं हाय. मी मैदानावर असायचो, पाट्या ती काढायची. मी सही मारायचो.'

म्हणजे खरं बोलले ते कोंडीत सापडल्यावर. मला ते कळत नाही असं नाही. तरी बोलले.

आणि अनुजा, काय झालं सांगू? लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. राजवीरनं ह्यांच्या हातातला माईक घेतला आणि ओरडला, 'बगा! ह्येला म्हंत्यात मन! आपली सगळी कमाई बायकूच्या नावावर करनारा मानूस पेठंत दुसरा हाय का?' हे म्हणाले, 'आरं, खरं सांगतोय.' पोरं आणखी हसली. हे परत म्हणाले. परत टाळ्या. जेवढं खरं बोलतील तेवढे मोठे होत गेले. शेवटी शाल घातली ती ह्यांच्याच खांद्यावर.

मी उठले. तालमीच्या अंगणात बाई कधी पुढं जात नाही. मी गेले. गुंडूच्या हातातला ब्रश घेतला. काय लिहावं सुचेना, हात आपोआप पहिल्या पाटीवर गेला. 'बांगड्या' लिहिलं. तालमीच्या भिंतीवर बांगड्या! राजवीरचं तोंड बघण्यासारखं झालं. मला त्याचा खेद नाही. फ्लेक्स वर आणि माझं अक्षर खाली, कुणालाही दिसलं असतं.

गुंडूला दिसलं. त्यानं जवळ येऊन बघितलं, ब्रश माझ्याकडंच राहू दिला आणि चपला घालून निघून गेला.

बाकीच्यांचं ऐक. यशराज पुढं आला, मोबाईलवर फोटो काढला, आणि म्हणाला, 'आयला, काकू! सेम फॉन्टसारखं काडलासा की! कुटल्या ॲपवर शिकलासा?' मग सगळेच म्हणायला लागले, हुबेहूब, अगदी कॉम्प्युटरसारखं, या वयात काय शिकल्यात बघा. एका बाईनं माझ्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तेव्हा हे उसळले. माईक राजवीरकडं होता, पण ह्यांना माईकची गरज कधीच लागली नाही. आख्ख्या पेठेला शिव्या घातल्या. गाढवं म्हणाले, आंधळी म्हणाले, तुमच्या सात पिढ्यांनी अक्षर बघितलं नाही म्हणाले. शाल काढून मातीत फेकली. चाळीस वर्षं ह्यांच्या तोंडातल्या शिव्या ऐकतेय मी, त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या अक्षराला होत्या. काल पहिल्यांदा माझ्या बाजूनं दिल्या. उशीर झाला. पण मला बरं वाटलं, ते तुझ्यापाशी कबूल करते. ह्यांना सांगितलेलं नाही आणि एवढ्यात सांगणारही नाही. पडू दे अजून दोन दिवस कॉटवर.

दहा माणसांत एकदा बोलले की भागेल असं मला वाटलं होतं. दोनशे माणसांत बोलले आणि एकालाही ऐकू गेलं नाही. मी लिहून दाखवलं तर मीच माझी नक्कल ठरले. असल्या माणसांच्या तोंडावर काही सोपवायचं नसतं, हे मला या वयात कळलं.

म्हणून आता तुला सांगते. मागच्या पत्रात नावाची गोडी नाही म्हटलं होतं. आता आहे. माझं नाव घाल. 'झुंबरबाई' असं पुरं घाल. तुमच्या स्टुडिओतलं कुणीतरी म्हणेल, बाई कशाला, नाव लहान असलेलं शोभतं. त्याचं ऐकू नको. बाई गाळलीस तर उद्या हीच माणसं म्हणतील, कुणीतरी गडी असणार.

झुंबरबाई